जीटीएममधून नोइंडेक्स घातलं तर नको असलेली पानं गूगलमधून जातात का?

टॉवेलवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल आणि चादरीचं युनिट आहे, नवी पेठेत छोटं दुकानपण आहे. वेबसाईट एकाकडून करून घेतलेली, नाव घेत नाही, वर्डप्रेस वगैरे नाही हां, पीएचपीत हातानं लिहिलेली. आता तो बाबा फोन उचलंना झालाय. होस्टिंगचं लॉगिन त्याच्याकडं, एफटीपी (सर्व्हरवर फाईली चढवायची सोय) त्याच्याकडं, डोमेन तेवढं वडिलांच्या नावावर आहे कारण ते आम्हीच घेतलेलं. माझ्या हातात काय तर गूगल टॅग मॅनेजर म्हणजे जीटीएम (साईटच्या कोडला हात न लावता पानांवर स्क्रिप्ट टाकायचं टूल), त्यात पब्लिश करायचा अधिकार आहे, जाहिरातींच्या कन्व्हर्जनसाठी मागून घेतला होता म्हणून.

आता प्रॉब्लेम ऐका. गूगलमध्ये साईट कोलन लावून आमचं डोमेन टाकून बघितलं तर डोकंच फिरलं. प्रॉडक्ट आहेत मोजके आणि रिझल्ट संपता संपंनात. एकच टॉवेल, रंग निळा, मग रंग निळा स्वस्त ते महाग, मग रंग निळा महाग ते स्वस्त, प्रत्येकाची वेगळी लिंक. चौकशीचा फॉर्म भरल्यावर 'धन्यवाद' येतं ते पानसुद्धा गूगलमध्ये आहे, लोक डायरेक्ट त्याच्यावर येतात आणि माझ्या जाहिरातीच्या रिपोर्टात फुकटची चौकशी मोजली जाते. त्याहून वाईट म्हणजे आमच्या साईटच्या आतल्या सर्चची पानं, त्यांच्या टायटलमध्ये कुठल्यातरी लोन अ‍ॅपचा कस्टमर केअर नंबर दिसायलाय, तोपण आमच्या नावाखाली! हॅक झालीय का काय कळंना.

आणि कळस म्हणजे डीलर रेटची पीडीएफ. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, मोबाईल काउंटरवर ठेवला, बोटानं ओळ दाखवली, "मालक, हा बघा तुमचाच रेट, डझनाचा आहे पण मला दोनच पाहिजेत, ह्याच हिशोबानं लावा." वडील माझ्याकडं बघायलेत आणि मी मोबाईलकडं.

एका व्हिडिओत बघितलं की जीटीएममधून कस्टम एचटीएमएल टॅग टाकून नोइंडेक्स (गूगलला 'हे पान तुझ्या यादीत, म्हणजे इंडेक्समध्ये, ठेवू नको' असं सांगणारी सूचना) घालता येतं. खरंच चालतं का? कोणी केलंय का? गड्ड्याची जत्रा तोंडावर आलीय, त्याच्या आत हे निस्तरायचंय.

पार्कचौक

पहिलं म्हणजे हॅक नाही झालेली, घाबरू नका. ही जुनी युक्ती आहे. तुमच्या सर्च बॉक्समध्ये जे टाईप करू ते लिंकमध्ये येतं आणि तुमचं पान तेच टायटलात जसंच्या तसं छापतं, बरोबर? मग तो भामटा काय करतो, सर्चच्या जागी 'अमुक लोन कस्टमर केअर' आणि स्वतःचा नंबर घालून लिंक बनवतो, ती लिंक दुसरीकडं कुठंतरी पेरतो, गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) ती धरून तुमच्याकडं येतो, पान उघडतं, टायटलात नंबर, घातलं इंडेक्समध्ये. तुमच्या सर्व्हरला हातसुद्धा लागलेला नसतो. आतल्या सर्चची पानं गूगलमध्ये जाऊच द्यायची नसतात ती ह्याच्यासाठी.

आता तुमचा प्रश्न. चालतं. मी क्लायंटच्या साईटवर केलंय. नवीन टॅग घ्या, कस्टम एचटीएमएल निवडा. त्यात नुसती मेटाची ओळ चिकटवू नका, जीटीएम ती बॉडीत नेऊन टाकतं. छोटी स्क्रिप्ट लिहायची, मेटा नावाचं एलिमेंट तयार कर, त्याचं नेम रोबोट्स, कंटेंट नोइंडेक्स, आणि डॉक्युमेंटच्या हेडला जोड. झालं, तीन-चार ओळींचं काम. ट्रिगर, म्हणजे टॅग कधी चालायचा ती अट, पेज व्ह्यूवर ठेवा, फक्त ज्या पानांना पाहिजे तेवढ्यांनाच. प्रीव्ह्यूमध्ये तपासा आणि मग पब्लिश.

गूगलबॉट पान उघडताना जावास्क्रिप्ट चालवतो. आधी तो क्रोम ४१ वर अडकलेला होता, मे २०१९ पासून चालू क्रोमच्या बरोबरीनं अपडेट होत राहतो, त्यामुळं नंतर जोडलेला मेटासुद्धा त्याला दिसतो.

जुळेसोलापूर_आयटी

"चालतं" एवढंच सांगून सोडू नका ओ, लोक वाचून करून बसतात.

गूगल आधी कच्चा एचटीएमएल उचलतो, रेंडरिंग (स्क्रिप्ट चालवून पान पूर्ण उभं करणं) नंतर रांगेत होतं. म्हणजे नोइंडेक्स दिसायला त्या रेंडरिंगची वाट बघावी लागते. एखादवेळी स्क्रिप्ट टाइमआउट झाली, रेंडरच नीट झालं नाही, तर तुमचं नोइंडेक्स नाहीच असं धरलं जातं. शिवाय हे सगळं गूगलपुरतं. बाकीचे बरेच क्रॉलर जावास्क्रिप्ट चालवतच नाहीत नाहीतर नीट चालवत नाहीत, त्यांच्यासाठी तुमचा टॅग जन्मालाच आलेला नाही. नोइंडेक्स हे सर्व्हरनं पाठवायची गोष्ट आहे, एचटीएमएलमध्येच लिहिलेलं नाहीतर एक्स-रोबोट्स-टॅग नावाच्या हेडरमधून (पानासोबत सर्व्हर पाठवतो ती माहिती). मार्केटिंगवाल्याच्या टूलमधून साईट इंडेक्समध्ये ठेवायची की नाही हे ठरवणं मला पटतच नाही.

आणि पीडीएफचं काय? पीडीएफमध्ये जीटीएम कुठनं येणार?

टॉवेलवाला

अरे हां. पीडीएफचं डोक्यातच आलं नव्हतं. तीच तर सगळ्यात जास्त टोचायलीय.

शेंगाचटणी

वाचतेय. मीपण घरगुती शेंगा चटणी आणि कडक भाकरीची साईट चालवते म्हणून विचारते, एवढा खटाटोप कशाला? रोबोट्स डॉट टीएक्सटी फाईलमध्ये डिसअलाऊ लिहिलं की गूगल येत नाही ना? मला तर तसंच सांगितलं होतं.

रेघोट्या

नाही ओ ताई, इथंच सगळे फसतात. डिसअलाऊ म्हणजे 'ह्या पानावर येऊ नको'. 'यादीतून काढ' असं त्यात कुठंच नाही. पान आधीच यादीत असेल किंवा बाहेरून कोणी त्याला लिंक दिली असेल तर गूगल आत न येतासुद्धा ती लिंक दाखवू शकतो, सर्च कन्सोलमध्ये (साईटमालकांसाठीचं गूगलचं टूल) त्यावर 'रोबोट्सनं अडवलेलं असूनही इंडेक्स झालेलं' असा शेराच येतो. आणि नोइंडेक्स पानाच्या आत असतं, ते वाचायला बॉटला आत यावं लागतं. दोन्ही एकदम केलं तर सूचनेची पाटी आतल्या खोलीत आणि बाहेरच्या गेटला कुलूप, अशी गत.

पूर्वी काही लोक रोबोट्स फाईलमध्येच नोइंडेक्स लिहायचे, ते कधीच अधिकृत नव्हतं आणि १ सप्टेंबर २०१९ पासून गूगलनं मानणंच बंद केलं. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून ते सांगतात.

टॉवेलवाले दादा, तुमच्या रोबोट्स फाईलमध्ये काय आहे ते आधी बघा. डोमेनच्या पुढं टाईप केलं की उघडते, लॉगिन लागत नाही. सर्चचा फोल्डर तिथं अडवलेला असेल तर जीटीएमचं नोइंडेक्स त्या पानांवर कधीच वाचलं जाणार नाही.

टॉवेलवाला

बघितली. दोन ओळी आहेत, सगळ्यांना सगळं अलाऊ. आळशी होता ते बरं झालं.

अण्णा_सूतवाले

मला ह्यातलं निम्मं कळत नाही पण धंदा कळतो. होस्टिंगचे पैसे कोण भरतं? तुझ्या वडिलांच्या कार्डातून जात असतील तर कंपनीला पावती दाखव, मालक कोण ते सांग, लॉगिन माग. भाडं आपण भरायचं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, हे कुठलं ओ? सूत उधार घेतलं तरी चलनावर नाव आपलं असतं.

टॉवेलवाला

अण्णा, तोच भरतो आणि आमच्याकडून वर्षाला एकरकमी घेतो. बिल त्याच्या नावावर.

अण्णा_सूतवाले

मग भोगा. चष्मा लावून पुढचं वाचतो.

पार्कचौक

@जुळेसोलापूर_आयटी, तुमचं म्हणणं पुस्तकात बरोबर आहे. पण माणसाच्या हातात सर्व्हर नाही म्हणूनच तो विचारायलाय. "सर्व्हरवर करा" हे उत्तर त्याला काय कामाचं? माझे निम्मे क्लायंट असेच आहेत, डेव्हलपर पसार आणि जीटीएम तेवढं शिल्लक. तिथं हा टॅग टाकला आणि पानं गेली. रेंडरिंगला उशीर होतो मान्य, पण ही पानं आधीच महिनोन्महिने इंडेक्समध्ये पडलेली आहेत, अजून थोडं थांबलं तर काय बिघडतंय?

उलट्या दिशेनं मात्र अजिबात करू नका. म्हणजे एचटीएमएलमध्ये नोइंडेक्स आहे आणि जीटीएमनं ते काढून टाकू, असं. कच्च्या पानात नोइंडेक्स दिसलं की गूगल पुढं रेंडर करायच्या भानगडीतच पडत नाही बऱ्याचदा, मग तुमची काढणारी स्क्रिप्ट चालणार कधी? आणि दोन सूचना एकमेकींच्या विरोधात असल्या तर जास्त कडक असेल ती धरतो. घालणं जमतं, काढणं नाही.

जुळेसोलापूर_आयटी

काढण्याबद्दलचं बरोबर बोललात. घालण्याबद्दल माझं मत तेच आहे, पण ठीक आहे, तात्पुरतं म्हणून करा. पण मग ट्रिगरबद्दल नीट सांगा, नाहीतर एक किस्सा मी सांगतो.

एका ठिकाणी (कुठलं ते विचारू नका) सेल संपल्यावर सेलची पानं गूगलमधून काढायची होती. मार्केटिंगच्या पोरानं ट्रिगर लावला, पेज पाथमध्ये 'सेल' असेल तर नोइंडेक्स. कंटेन्स निवडलं. आता कंटेन्स म्हणजे कुठंही असलं तरी चालतं, आणि त्यांच्या साईटवर सगळ्यात जास्त चौकशी यायची ते पान होतं 'होलसेल'. त्यातपण सेल आहेच की. हळूहळू होलसेलची सगळी पानं गूगलमधून गळाली, फोन यायचे बंद झाले, आणि सगळे जाहिरातीचं बजेट वाढवत बसले कारण साईट उघडून बघितली तर एकदम व्यवस्थित दिसते. सोर्स कोड बघितला तरी त्यात काही नाही, कारण मेटा नंतर स्क्रिप्टनं जोडला जातो. डेव्हलपर म्हणतो माझ्या कोडमध्ये नोइंडेक्स नाहीच. खरंच नव्हतं!

म्हणून मी म्हणतो की ही गोष्ट अशा जागी ठेवू नये जिथं नंतर येणारा माणूस शोधणारच नाही.

रेघोट्या

बाप रे. होलसेलमधलं सेल.

त्यात भर घालते. सोलापुरात टॉवेलवाल्यांपैकी अर्ध्यांच्या साईटवर होलसेल हा शब्द लिंकमध्ये असणारच, त्यामुळं दादा, कंटेन्स विसरा. 'इक्वल्स' नाहीतर 'स्टार्ट्स विथ' वापरा. धन्यवादच्या पानाला इक्वल्स, सर्चच्या फोल्डरला स्टार्ट्स विथ. रेजेक्स (मजकुराचा नमुना लिहून जुळवायची पद्धत) येत असेल तर सुरुवातीची आणि शेवटची खूण लावूनच.

ट्रिगर नुसत्या पेज व्ह्यूवरच ठेवा, क्लिक, स्क्रोल, अमुक सेकंद थांबल्यावर असलं काही नको. गूगलबॉट क्लिक करत नाही, स्क्रोल करत नाही, आणि प्रत्येक पान कोऱ्या पाटीनं उघडतो, कुकी लक्षात ठेवत नाही. 'आधी फॉर्म भरला असेल तरच' अशी अट कुकीवर टाकली असेल तर त्याच्यासाठी ती कधीच खरी होणार नाही.

पार्कचौक

कुकीवरून आठवलं. माझा एक क्लायंट युरोपला टॉवेल पाठवतो, त्याच्या साईटवर ते कुकीच्या परवानगीचं बॅनर आहे आणि जीटीएममधले सगळे टॅग परवानगी मिळेपर्यंत थांबवून ठेवलेले. नोइंडेक्सचा टॅगपण त्याच रांगेत उभा. आता गूगलबॉट काय 'स्वीकार' बटण दाबणार आहे होय? आपण स्वतः तपासताना परवानगी देऊन बसलेलो असतो म्हणून आपल्याला सगळं झकास दिसतं. त्या टॅगच्या कन्सेंट सेटिंगमध्ये जास्तीची परवानगी लागत नाही असं करावं लागतं. तो काही कोणाचा डेटा गोळा करत नाही, त्यामुळं हरकत नाही.

टॉवेलवाला

आमच्याकडं बॅनर नाही. टॅग टाकला, धन्यवाद आणि सर्च दोन्हीचा. पब्लिश केला. आता गूगलला दिसलं का नाही हे कसं कळणार? सर्च कन्सोल माझ्याकडं नाही, तेपण त्यालाच.

सर्च कन्सोलला मालकी दाखवायला जीटीएमचा ऑप्शन आहे तो करून बघितला, फेल झालं. मग म्हटलं त्यांचा मेटा टॅग जीटीएममधून घालू, तेही फेल.

रेघोट्या

दुसरं होणारच नाही. मालकी तपासताना ते कच्चा एचटीएमएल बघतात, स्क्रिप्ट चालवत नाहीत. पहिलं का फेल झालं ते तुमच्या पानाचा सोर्स बघितल्यावर कळलं. जीटीएमचे दोन तुकडे असतात, स्क्रिप्टवाला हेडमध्ये जातो आणि नोस्क्रिप्टवाला बॉडी उघडल्या उघडल्या. तुमच्या त्या माणसानं दोन्ही हेडमध्येच कोंबलेत. टॅग चालायला त्याची अडचण नाही पण मालकी तपासायला नोस्क्रिप्टचा तुकडा बॉडीच्या सुरुवातीलाच लागतो.

पण तुम्हाला हे काहीच करायची गरज नाही. डोमेन वडिलांच्या नावावर आहे ना? मग डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडं जातं वगैरे नोंदी) तुमच्या हातात आहे. सर्च कन्सोलमध्ये डोमेन प्रॉपर्टी घ्या, ते एक टीएक्सटी रेकॉर्ड देतील, ते डोमेनच्या पॅनलमध्ये टाका. मालकी तुमची.

मग पीडीएफसाठी लगेच रिमूव्हल्समध्ये जा, तात्पुरतं काढा म्हणून त्या पीडीएफची लिंक द्या. बहुतेक एका दिवसात जाते. पण हे साधारण सहा महिन्यांपुरतंच असतं हे लक्षात ठेवा, तोवर पक्का बंदोबस्त नाही केला तर परत येते. आणि आणखी एक, गूगलमधून गेली म्हणजे इंटरनेटवरून गेली असं नाही. ज्याच्याकडं लिंक आहे त्याला ती उघडणारच. डीलर रेट ही लपवायची गोष्ट असेल तर नोइंडेक्स हे तिच्यावरचं उत्तरच नाही, ती उघडी ठेवायलाच नको.

अण्णा_सूतवाले

ताईंचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा सगळ्यांनी.

टॉवेलवाला

टीएक्सटी रेकॉर्ड टाकलं, मालकी आली! वडिलांना ओटीपी विचारताना दहा प्रश्न झाले पण आली. पीडीएफ रिमूव्हल्समध्ये टाकली, आता सर्चमध्ये दिसंना. लई लई आभार ताई.

यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये धन्यवादच्या पानाची लाईव्ह टेस्ट केली. 'इंडेक्सिंगला परवानगी आहे का' ह्याच्यासमोर 'नाही, रोबोट्स मेटा टॅगमध्ये नोइंडेक्स सापडलं' असं आलं. तपासलेलं पान उघडून त्याचा एचटीएमएल बघितला तर हेडच्या शेवटी आपली ओळ बसलेली. तेच ब्राउझरमध्ये सोर्स बघितला तर ओळ नाही. म्हणजे जुळेसोलापूर सर म्हणत होते तसंच.

पण रंग आणि किमतीच्या पानांवर टॅग चालंनाच. ट्रिगरमध्ये पेज पाथ मॅचेस करून सॉर्ट वगैरे लिहिलं होतं.

पार्कचौक

पेज पाथमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढचं काही येत नाही. तुमचं सॉर्ट आणि रंग प्रश्नचिन्हाच्या पुढं आहे. नवीन व्हेरिएबल करा, प्रकार यूआरएल, कंपोनंट क्वेरी, की मध्ये सॉर्टचं नाव. मग ट्रिगरमध्ये ते व्हेरिएबल रिकामं नसेल तर. रंगासाठी तसंच दुसरं.

जुळेसोलापूर_आयटी

थांबा थांबा. सॉर्टच्या पानांना नोइंडेक्स कशाला? तिथं कॅनॉनिकल पाहिजे, म्हणजे 'मूळ पान ते, मी त्याचीच कॉपी' असं सांगणारी ओळ. नोइंडेक्सनं ते पान नुसतं फेकलं जातं, कॅनॉनिकलनं त्याच्याकडं आलेल्या लिंकांचं वजन मूळ पानाकडं जातं. निळ्या टॉवेलला मात्र कोणी खरंच सर्च करत असेल तर ते पान काढूच नका, त्याला नीट टायटल द्या. 'निळा टॉवेल होलसेल' शोधणारा हॉटेलवाला तुमचाच गिऱ्हाईक आहे की.

पार्कचौक

हे मात्र मान्य. फक्त कॅनॉनिकल हा सल्ला असतो, गूगल मानेलच असं नाही, नोइंडेक्स हा हुकूम असतो. आणि दोन्ही एकाच पानावर नको, सूचना गोंधळाच्या होतात. रंगाचं सोडा, सॉर्टचं तेवढं करा.

टॉवेलवाला

कॅनॉनिकल पण जीटीएममधून?

जुळेसोलापूर_आयटी

घालता येतं, पण मी नाही सांगणार. 😄 सॉर्टची पानं तशी निरुपद्रवी आहेत, गूगल बऱ्याचदा स्वतःच त्यातलं एक धरून बाकीची 'डुप्लिकेट' म्हणून बाजूला ठेवतं. सर्व्हर हातात येईपर्यंत त्यांना हात लावू नका.

आणि सर्व्हर हातात यायचा एक रस्ता आहे, काल ताईंनी डीएनएस म्हटल्यापासून डोक्यात घोळतोय. तुमच्याकडं डीएनएस आहे म्हणजे मध्ये क्लाउडफ्लेअर बसवता येतं. फुकटच्या प्लॅनमध्येपण. डोमेनचे नेमसर्व्हर त्यांचे लावायचे, मग साईटवर येणारा प्रत्येकजण आधी त्यांच्याकडून जातो आणि त्यांच्याकडून तुमच्या जुन्या होस्टिंगवर. होस्टिंगवाल्याला, त्या डेव्हलपरला कोणाला काही विचारायची गरज नाही. आता जाताना मधल्यामध्ये उत्तराला हेडर जोडता येतो. नियम लिहायचा, लिंक पीडीएफनं संपत असेल तर एक्स-रोबोट्स-टॅग नोइंडेक्स जोड. सर्चच्या फोल्डरला तोच. धन्यवादच्या पानाला तोच. जावास्क्रिप्ट नाही, रेंडरिंगची वाट नाही, सगळ्या सर्च इंजिनांना पहिल्या फटक्यात दिसतं. आणि डीलर रेटच्या पीडीएफला हेडर नकोच, सरळ ब्लॉकचा नियम, कोणीही मागितली तर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'. गूगल ४०३ लासुद्धा पान नाही असंच धरतं आणि यादीतून काढतं, म्हणजे सहा महिन्यांनंतरचीपण चिंता मिटली.

रेघोट्या

हे भारी आहे. पण दोन गोष्टी आधी बघा. एक, क्लाउडफ्लेअर जुने डीएनएस रेकॉर्ड स्वतः शोधून आणतं पण सगळे सापडतीलच असं नाही. नेमसर्व्हर बदलायच्या आधी जुन्या पॅनलचा स्क्रीनशॉट घेऊन एकेक रेकॉर्ड ताडून बघा, विशेषतः एमएक्स (ईमेल कुठं पोचवायचं ती नोंद), नाहीतर ऑर्डरचे ईमेल यायचे बंद होतील आणि गड्ड्याच्या तोंडावर ते परवडणार नाही. सर्च कन्सोलचं टीएक्सटी रेकॉर्डपण न्यायला विसरू नका. दोन, क्लाउडफ्लेअरमध्ये एसएसएलचा (सुरक्षित कनेक्शनचा) मोड 'फुल' ठेवा. 'फ्लेक्सिबल' ठेवलं आणि तुमचा सर्व्हर स्वतःच एचटीटीपीएसकडं ढकलत असला तर रिडायरेक्टचा फेरा सुरू होतो, साईट उघडतच नाही.

शेंगाचटणी

माझं राहिलं. माझी वर्डप्रेसची आहे, त्यात 'तिखट', 'लसूण', 'प्रवासाला' असे टॅग मी प्रत्येक पोस्टला दिलेत आणि प्रत्येक टॅगचं वेगळं पान गूगलमध्ये आलंय, आत एक-एकच चटणी. मी जीटीएमवालं करू का?

रेघोट्या

नको नको, तुमच्याकडं सरळ रस्ता आहे. योस्ट किंवा रँक मॅथ, जे प्लगिन असेल त्यात टॅगच्या पानांना सर्चमध्ये दाखवायचं का असं एक बटण आहे, बंद करा. ते सर्व्हरकडूनच नोइंडेक्स पाठवतं. फोटोंची वेगळी पानं होत असतील तर तीही बघा, वर्डप्रेस ६.४ पासून नवीन साईटवर ती आपोआप बंद असतात पण तुमची जुनी असेल तर चालू असणार. फक्त सेटिंग्जमध्ये रीडिंगखाली 'सर्च इंजिनांना परावृत्त करा' असा चौकोन आहे त्याला हात लावू नका, तो सगळ्या साईटला लागतो.

शेंगाचटणी

बंद केलं ताई. दोन मिनिटांचं काम होतं, मी उगाच घाबरले.

टॉवेलवाला

अपडेट देतो. क्लाउडफ्लेअर लागलं. ताईंनी सांगितल्यासारखं रेकॉर्ड ताडून बघितले तर खरंच एक एमएक्स राहिला होता, हातानं टाकला. मोड फुल. पीडीएफ ब्लॉक, आता लिंक उघडली की परवानगी नाही म्हणतं, डीलर लोकांना नवीन रेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायलोय. धन्यवाद आणि सर्चला हेडरचा नियम लावला, लाईव्ह टेस्टमध्ये आता नोइंडेक्स 'हेडरमध्ये सापडलं' असं येतंय, आणि मेटामध्येपण.

लोन अ‍ॅपवाली पानं अजून आहेत पण कमी व्हायलीत. पेज इंडेक्सिंगच्या रिपोर्टात 'नोइंडेक्स टॅगमुळं वगळलेली' हा आकडा वर चाललाय.

आता सर्चचा फोल्डर रोबोट्समध्ये अडवू का? आणि जीटीएममधला टॅग डिलीट करू का?

पार्कचौक

रोबोट्स आत्ता नको, आधी सगळी पानं गळू द्या. आत्ता अडवलं तर उरलेल्या पानांवरचं नोइंडेक्स वाचायला बॉट येणारच नाही आणि ती तशीच लटकून राहतील. साईट कोलन केल्यावर एकही दिसंना झालं की मग अडवा, म्हणजे भामट्यांच्या नव्या लिंका धरून बॉट तुमच्या सर्व्हरवर विनाकारण चकरा मारणार नाही.

बिंगमधूनपण बघून घ्या, त्यांच्या वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलवरून साईट आणता येते. डकडकगोचे बरेचसे रिझल्ट बिंगवरूनच येतात.

जुळेसोलापूर_आयटी

जीटीएमचा टॅग काढा. हेडर आहे म्हटल्यावर त्याचं काम संपलं, आणि राहिला तर होलसेलवाला किस्सा व्हायला दारच उघडं. जीटीएमच्या यूजर मॅनेजमेंटमध्ये त्या जुन्या माणसाचा पब्लिशचा अधिकारपण बघा, तुम्हाला अ‍ॅडमिन नसेल तर बदलता येणार नाही, मग सरळ स्वतःच्या नावानं नवीन कंटेनर (जीटीएमचं वेगळं खातं) करायचा विचार करा, सर्व्हर हातात आला की.

रेघोट्या

डिलीट नको, आधी पॉज करा. व्हर्जनला नाव द्या, 'नोइंडेक्स हेडरवर हलवलं, जीटीएमचं पॉज' असं काहीतरी, म्हणजे नंतर कोणी बघितलं तर कळेल. पॉज केल्यावर परत लाईव्ह टेस्ट घ्या, हेडरचं नोइंडेक्स एकटं दिसलं पाहिजे. चार-आठ दिवस रिपोर्ट बघा आणि मग डिलीट.

टॉवेलवाला

पॉज केला, व्हर्जनला नाव दिलं. लाईव्ह टेस्टमध्ये हेडरचंच दिसतंय. अ‍ॅडमिन मी नाही, त्याचंच नाव आहे, तेवढं राहिलंय.

अण्णा_सूतवाले

त्याच्या भावाचं दुकान आमच्या शेजारी आहे. उद्या जातो.